वॉर्ड दोनचे त्रेपन्न

१

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंडात ब्रश धरून दार उघडलं, आणि आमच्या निळ्या दारावर पांढऱ्या खडूनं लिहिलेला आकडा पाहिला. ५३.

एवढंच. शिवी नाही, नाव नाही. पाचाचं शेपूट लांब ओढून तिनाच्या पोटाखालपर्यंत आणलेलं. मी त्या शेपटाकडे एकदा पाहिलं आणि परत मुद्दाम पाहिलं नाही. आईनं फडकं आणलं, तर पप्पा म्हणाले, राहू दे. पुसलं की लोक म्हणतील, यांना लागलं.

तो आकडा कशाचा ते आख्ख्या कोनवाडीला माहीत होतं. आमचं गाव नेसरीपासून सात किलोमीटर, तीन वॉर्डांचं. यंदा सरपंचपद बायकांसाठी होतं आणि तिघी उभ्या होत्या. बाळाबाई गुरव, चिन्ह नारळ. शेवंताबाई देसाई, कपबशी. आणि संयोगिता सावंत, छत्री. बुधवारी मोजणी झाली आणि शेवंताबाई एकोणीस मतांनी निवडून आल्या. इथवर काही गुन्हा नव्हता. गुन्हा पुढे होता. ज्याला कुणीच उमेदवार पसंत नाही त्यानं दाबायचं ते नोटाचं बटण सरपंचपदासाठी वॉर्ड एकमध्ये चार जणांनी दाबलं, वॉर्ड तीनमध्ये सहा जणांनी, आणि आमच्या वॉर्ड दोनमध्ये त्रेपन्न जणांनी.

त्रेपन्नातली वीस जरी छत्रीला पडली असती तरी संयोगिताकाकी आज सरपंच असत्या.

वॉर्ड दोनमध्ये दोनच वस्त्या मोठ्या. एक सावंत गल्ली, म्हणजे काकींची स्वतःची. दुसरी आमची बुद्धवस्ती. वस्तीतून मतदानाला किती गेले? पंचावन्न. झालं. गावानं मोजणीच्या मांडवातच हिशेब सोडवून टाकला. ते त्रेपन्न या पंचावन्नातलेच. दिवसा शब्द छत्रीला, मशीनवर नोटा.

आणि वस्तीच्या वतीनं शब्द द्यायला गेले होते माझे पप्पा, प्रसेनजीत.

पप्पा गावच्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ यंत्रावर दुधाची फॅट मोजतात. सोळा वर्षं. संस्थेचे चेअरमन हंबीरराव सावंत, म्हणजे संयोगिताकाकींचे मालक. गुरुवारी दुपारीच निरोप आला की रविवारी दहा वाजता सभा आहे आणि विषय एकच, ज्याच्या शब्दावर विश्वास नाही त्याच्या हातात गावाचं दूध ठेवायचं की नाही.

सांगून टाकते, दिवाळीपर्यंतची मी असते तर पांघरूण घेऊन रडले असते. हजेरीला "हजर" म्हणतानाही मी बाकाखाली बघायची. पण दिवाळीनंतर गडहिंग्लजला वक्तृत्व स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला आणि तेव्हापासून माझ्या अंगात काय शिरलंय ते आईलाही कळत नाही. मी पप्पांना म्हणाले, त्रेपन्न कुणाचे ते मी शोधून काढणार.

"शोध," ते म्हणाले. "पण एक अट हाय. कुणालाबी, मत कुणाला दिलंस, हे विचारायचं न्हाय. आपल्या माणसांना न्हाय, त्यांच्याबी न्हाय. आपल्या आज्ज्याला ते गुपित फुकट मिळालेलं न्हाय, श्रुती."

म्हणजे चोरी शोधायची, आणि चोराला चोरीबद्दल विचारायचं नाही. छान.

२

पहिले जोतीअण्णा.

जोतीराम अण्णांचा स्पीकर-मांडवाचा धंदा आहे आणि निवडणूक आली की ते छत्रीवाल्यांचं डोकं असतात. त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी गेले तेव्हा ते कर्ण्यावर बसून चहा पीत होते. मला बघून म्हणाले, या पावणं. मी गावातलीच, रोज त्यांच्या दारावरून शाळेच्या एसटीला पळणारी, आणि मला पावणं. टोमणा पोचला. मी तिथल्याच दुसऱ्या कर्ण्यावर बसले.

मी विचारलं, त्रेपन्न आमचेच कशावरून. अण्णांनी एक शंभरपानी वही काढली. तिच्यात वॉर्ड दोनचं घरन् घर होतं. नावापुढे हिरवी टिकली म्हणजे छत्री, लाल म्हणजे कपबशी, आणि प्रश्नचिन्ह म्हणजे भरवसा नाही. सावंत गल्लीची पानं हिरवीगार. देसायांच्या पाहुण्यारावळ्यांची घरं लाल. हे घर तीन निवडणुका छत्री, त्या घरात सून आली आणि दोन मतं फुटली, इथं दोघे भाऊ वेगळे झाले तशी मतंही वेगळी झाली, असं अण्णा बोटानं दाखवत होते. खरं सांगू, मला मजा यायला लागली होती. तेवढ्यात आमचं पान आलं. वस्तीच्या एकूण एक घरापुढे प्रश्नचिन्ह.

"का?" मी विचारलं.

"तुमी भंडारा उचलला न्हाय."

हे आमच्याकडचं जुनं आहे. मत पक्कं करायचं तर बिरोबाच्या देवळातली हळद, म्हणजे भंडारा, ताटात घ्यायचा आणि मतदारानं चिमूट उचलून शपथ घ्यायची. कायद्यात बसत नाही, पण चालतं. अण्णा ते ताट घेऊन वस्तीतही आले होते. पप्पांनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला आणि सांगितलं, आम्ही बौद्ध, भंडारा उचलत नाही, शब्द देतो. तोही ज्यांचा आहे त्यांचाच, सगळी मतं माझ्या खिशात नाहीत.

आणि सावंत गल्लीत? अण्णांची छाती फुगली. एक्कावन्न बायकांनी भंडारा उचलला होता. त्यांनी स्वतः तीन दिवस बसून सगळ्यांना मशीन शिकवलं होतं, कारण म्हाताऱ्यांना चष्मा लावूनही चिन्ह दिसत नाही. ते मशीन कोपऱ्यात पडलेलं होतं. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर सदस्यांसाठी पांढरा कागद आणि सरपंचासाठी निळा, खऱ्या मशीनवर असतो तसाच. बटणं म्हणून पाण्याच्या बाटल्यांची टोपणं चिकटवलेली. निळ्या कागदावर तीन टोपणं होती. वरची दोन कोरी करकरीत, आणि खालचं तिसरं हळदीनं पिवळंजर्द.

"बघ की," अण्णा म्हणाले, "भंडाऱ्याच्याच बोटानं सराव केलाय. हितनं एक मत हाललं असंल तर मिशी काढतो."

मी ते पुठ्ठ्याचं मशीन मागून घेतलं. शाळेत प्रकल्पाला उपयोगी पडेल म्हटलं. अण्णांनी ने म्हणून हात हलवला, आणि मी उठले तेव्हा अण्णा म्हणाले, "बापाला विचार, कपबशीवाल्यांच्यात किती येळा गेलता निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात."

मी जागीच थांबले. कारण पप्पा गेले होते. मी पाहिलं होतं.

३

शेवंताबाई देसाई गोठ्यात म्हशीला चंदी कालवत होत्या. गळ्यातला बुधवारचा हार त्यांनी दावणीच्या खुंटीला अडकवला होता आणि म्हैस तो खात होती.

त्यांना वाटलं मी अभिनंदन करायला आले. मी ते आधी केलं, मग विचारलं, पप्पा तुमच्याकडे कशाला आले होते. त्या मोठ्यानं हसल्या. त्यांच्या म्हशीच्या दुधाला फॅट कमी लागत होती, म्हणून पप्पा दोनदा येऊन चारा बघून गेले होते. गोठ्याच्या भिंतीवर पप्पांच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती. सरकी पेंड किती, वाळकी वैरण किती. मला इतकं हलकं वाटलं की मी त्या म्हशीची पाठ थोपटली.

"आनि आईक," शेवंताबाई म्हणाल्या. "वॉर्ड दोनात मला मागल्या खेपेला सत्तर पडली. औंदा एक्काहत्तर. तुज्या बापानं माझं काम केलं असतं तर आकडा फुगला नसता व्हय? तुमच्यातल्या अकरा जणांनी मला दिली. ती लपून न्हाय, विहारात सगळ्यांदेखत बोलल्यात."

हे मला आठवायलाच हवं होतं. मतदानाच्या आधी विहारात बैठक झाली तेव्हा मी सतरंजीवर मागे बसले होते. आज्ज्याच्या काळी म्हणे वस्ती एका बाजूला जायची, बैठकीत ठरलं की ठरलं. आता कुठलं. चहात साखर किती घालायची यावरसुद्धा आमच्या पंचावन्न माणसांचं एकमत होत नाही. त्या दिवशी अकरा जणांनी उभं राहून सांगितलं होतं, शेवंताबाईंनी आमच्या पोरांचे दाखले तालुक्याला खेटे घालून आणून दिले, आम्ही कपबशीला देणार. पप्पा म्हणाले होते, द्या. उरलेल्यांचा शब्द मी पोचवतो.

पंचावन्नातून अकरा गेले, उरले चव्वेचाळीस. वस्तीतल्या राहिलेल्या प्रत्येकानं नोटा दाबलं असं धरलं तरी चव्वेचाळीस. त्रेपन्नाला नऊ कमी.

मी घरापर्यंत पळत आले. पप्पा पाय धूत होते. मी गणित मांडलं आणि टाळीसाठी हात पुढे केला. पप्पांनी टाळी दिली नाही.

"पाच-सहा नोटा तर दर वॉर्डात पडल्यात. ती काढली तर उरली तीन-चार. तीन-चार मतांवर सभेत उभी राहणार?"

शुक्रवार संपला होता.

४

शनिवारी सकाळची शाळा. सुटल्यावर मी सावंतांच्या घरी गेले. हातात अनुजाची भूमितीची वही होती. अनुजा संयोगिताकाकींची मुलगी. पाचवीपासून आम्ही दोघी एका बाकावर. गुरुवारपासून ती पुढच्या बाकावर बसत होती आणि एसटीत खिडकीबाहेर बघत होती.

ती बाहेर आलीच नाही. आतून आवाज आला, वही तिथंच ठेव म्हणावं.

अंगणात तिची आजी, चिमणाबाई, सुपात तांदूळ निवडत होत्या. हंबीररावांच्या आई. मी त्यांना चिमणाआज्जी म्हणते. त्यांच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला मतदानाची शाई आणि उजव्या हाताच्या नखांत अजून हळद. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही, पण जा असंही म्हणाल्या नाहीत. मी बसले आणि खडे वेचायला लागले.

आज्जी बराच वेळ तांदळाशीच बोलल्यासारखं बोलत होत्या. सुनेनं दोन दिवस धड जेवण केलेलं नाही. दारं फिरून फिरून पायाला फोड आले पोरीच्या, आणि आता म्हणते, आपण लोकांना नकोच होतो. मला ते ऐकून कसंतरी झालं. दारावरच्या आकड्यापायी मी फक्त आमच्याच घराचं बघत होते.

मग आज्जींनी सूप खाली ठेवलं.

"तुमच्या लोकांनी शब्द मोडला. मोडू दे. आमच्या गल्लीतल्या बाया भंडाऱ्याला जागल्या. मशीनपुढं माझा हात कसा थरथरला ते मलाच ठावं. बिरोबानं परीक्षा बघितली. पण मी बटण बदललं न्हाय."

माझ्या हातातला खडा तसाच राहिला. परीक्षा कसली? जिला छत्रीच दाबायची आहे आणि समोर छत्रीच आहे, तिचा हात कशाला थरथरेल? बदलायचा विचार तरी का यावा?

मी विचारायला तोंड उघडलं. पप्पांची अट आठवली. तोंड मिटलं.

आज्जीच म्हणाल्या, "फुडचं सांगायचं नसतंय. मत हाय ते."

"नका सांगू, आज्जी," मी म्हणाले. "मत नको. फक्त भंडारा उचलताना काय म्हणायला लावलं तेवढं सांगा. देवळात उघड्यावर म्हटलेलं असेल ते."

त्यात काही लपवण्यासारखं नव्हतं. त्यांनी हात जोडून शपथ जशीच्या तशी म्हणून दाखवली. मी ती दोनदा म्हणायला लावली. मग मी चपला हातात घेऊन शाळेकडे पळाले.

गावातल्या मराठी शाळेत मतदान झालं होतं. व्हरांड्याच्या भिंतीवर मतपत्रिकेचा नमुना अजून चिकटलेला होता. एक कोपरा वाऱ्यानं सुटला होता. मी तो हातानं दाबून धरला आणि निळ्या कागदावरच्या ओळी बोटानं मोजल्या.

मग परत मोजल्या. जोतीअण्णांच्या पुठ्ठ्यावर तीन होत्या. इथं चार.

५

रविवारी संस्थेच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दूध घालणाऱ्या निम्म्याहून जास्त बायकाच आणि त्या सगळ्या आल्या होत्या. संयोगिताकाकी भिंतीला टेकून बसल्या होत्या, चेहरा उतरलेला. अनुजा त्यांच्या मागे. पप्पा दाराजवळ उभे, कारण कुणी सरकून जागा दिली नाही.

हंबीरराव उठले. ते वाईट माणूस नाहीत. चिडले की आधी कान लाल होतात, तेव्हा झाले होते. म्हणाले, सोळा वर्षं या माणसाच्या आकड्यावर आपण डोळे झाकून दूध घातलं. मतं कुणालाबी द्या, पण शब्द देऊन...

"मला बोलायचंय," मी म्हणाले.

माझा आवाज भिंतीपर्यंत गेला आणि परत आला. कुणीतरी म्हणालं, पोरीबाळींचं काम न्हाय हितं. संयोगिताकाकी हळूच म्हणाल्या, बोलू द्या तिला. सरपंचपदाला उभी राहिलेली मीबी बाईच हाय की.

मी टेबलावर जोतीअण्णांचं पुठ्ठ्याचं मशीन ठेवलं. आधीच सांगितलं की कुणी कुणाला मत दिलं हे मी विचारलेलं नाही आणि विचारणार नाही. मला फक्त जोतीअण्णांनी एक गोष्ट म्हणून दाखवायची आहे. देवळात बायकांकडून घेतलेली शपथ.

अण्णा आढेवेढे घेत होते, पण बायकांमधून हसण्याची खसखस आली तसे उभे राहिले.

"पांढऱ्या कागदावर वरचं पयलं बटण दाबीन. निळ्या कागदावर खालचं शेवटचं बटण दाबीन. न्हाय दाबलं तर बिरोबा बघून घील."

"असंच का, अण्णा? चिन्हाचं नाव का नाही?"

अण्णा म्हणाले, सोपं पडावं म्हणून. नावं बाराखडीनं लागतात. गुरव, देसाई, सावंत. आपली छत्री सगळ्यात खाली. म्हाताऱ्या माणसानं चिन्ह शोधायचं कशाला, खालचं शेवटचं दाबलं की मोकळं.

मी मोबाईलवर नमुन्याचा फोटो उघडला आणि तो हंबीररावांच्या हातात दिला. "काका, निळा कागद वरनं खाली वाचा."

त्यांनी वाचला. बाळाबाई गुरव, नारळ. शेवंताबाई देसाई, कपबशी. संयोगिता सावंत, छत्री. आणि मग ते थांबले.

"फुडं वाचा की," मागून कुणीतरी म्हणालं.

"वरीलपैकी कोणीही नाही," हंबीररावांनी वाचलं. त्यांचे कान लाल होते ते आता पांढरे पडले.

मी बोलत राहिले. अण्णांच्या पुठ्ठ्यावर तीन बटणं, मशीनवर चार. खालचं शेवटचं बटण छत्रीचं नाही, नोटाचं. ज्यांनी चिन्ह शोधलं त्यांना छत्री सापडली. ज्यांनी शपथ पाळली त्यांना नोटा सापडलं. आणि हे खरं असेल तर पांढऱ्या कागदावर चूक व्हायला नको, कारण तिथं शपथ वरच्या पहिल्या बटणाची होती, आणि वरून पहिलं मशीनवरही पहिलंच. मी निकालाचा कागद वाचला. सदस्यपदाला आमच्या वॉर्डात नोटा किती? पाच. तीच माणसं, तेच मशीन, तोच दिवस. पांढऱ्यावर पाच आणि निळ्यावर त्रेपन्न. अण्णांनी पुठ्ठा फक्त वॉर्ड दोनमध्ये फिरवला होता, म्हणून एकमध्ये चार आणि तीनमध्ये सहा.

"भंडारा उचलला एक्कावन्न जणींनी," मी म्हणाले. "नेहमीची पाच धरली तर छप्पन्न व्हायला पाहिजेत. तीन कमी पडतायत. तिघींनी मनातल्या मनात बिरोबाची माफी मागून छत्री दाबली असणार. आमच्या वस्तीनं भंडारा उचलला नाही, म्हणून आम्हांला कुठलंच बटण पाठ नव्हतं. आईनं वस्तीत कागदावर छत्रीचं चित्र काढून दाखवलं होतं. ज्यांनी शब्द दिला त्यांनी चित्र बघून दाबलं असणार. ज्या कारणानं तुम्ही आमच्यापुढं प्रश्नचिन्ह काढलंत, त्याच कारणानं तुमची ती मतं वाचली."

हंबीरराव सावकाश खुर्चीत बसले.

"म्हंजी," ते म्हणाले, "माझ्याच गल्लीनं माझ्या बायकोला पाडलं."

हे वाक्य मी घरी सराव करताना धरलंच नव्हतं. बायकांच्या माना खाली गेल्या. एक्कावन्न माना. मला एकदम वाटलं, मी आमच्या दारावरचा आकडा पुसला नाही, नुसता दुसऱ्यांच्या दारावर नेऊन लिहिला.

तेव्हा मागून चिमणाआज्जी उठल्या. काठी टेकत टेबलापर्यंत आल्या.

"दुसऱ्याचं मला ठावं न्हाय," त्या म्हणाल्या. "मी दाबलं. छत्री दिसली हुती मला, हंबीर. एक घर वर हुती. बोट तिकडं गेलतंबी. पन शपथ छत्रीची घेतलीच न्हवती, शेवटच्या बटणाची घेतलेली. म्हटलं देव परीक्षा बघतोय. देवाला खोटं पाडून सुनेला सरपंच करू व्हय?"

पहिल्यांदा हसल्या त्या संयोगिताकाकी. आधी मला वाटलं रडतायत. मग दिसलं की दोन्ही चालू होतं. त्यांनी सासूला धरून खाली बसवलं आणि म्हणाल्या, "चार दिस मला वाटतंय, मी लोकांना नको हाय. आनि सगळ्यांनी मलाच दिलं की ओ. एकीनंबी दगा दिला न्हाय. वस्तीनं न्हाय, गल्लीनं न्हाय." त्या डोळे पुसून परत हसल्या. "नुसतं यंत्राला कळलं न्हाय."

आणि मग सगळा हॉलच सुटला. एक बाई म्हणाली, माझंबी बोट अडलं हुतं गं. दुसरी म्हणाली, मी तर दोनदा नमस्कार केला मशीनला. तिसरी काही बोलली नाही, पदर तोंडाला लावून हसत राहिली. ती त्या तिघींतली असावी, पण मी विचारलं नाही. कुणीतरी ओरडलं, जोत्या, मिशी कधी काढतूस. अण्णांनी तोंडावर हात ठेवला. मिशी वाचवत होते की लाज, कळलं नाही.

निकाल काही बदलणार नव्हता. पप्पा तेवढंच बोलले, की शेवंताबाई सरपंच आहेत आणि त्यांना ती मतं खरीच पडली आहेत. हंबीररावांनी मान हलवली. विषयपत्रिकेचा कागद त्यांनी चौघडी करून खिशात घातला, पप्पांपुढे येऊन उभे राहिले. म्हणाले, "प्रसेनजीत, हितं हुबा काय ऱ्हायलाईस. सांजच्या दुधाला मशीन कोण लावणार, मी?"

आमच्याकडे माफी अशीच मागतात. पप्पा कॅन धुवायला गेले.

६

त्या दिवशी पाच वाजता मी ओट्यावर बसून पोहे खात होते. चार दिवसांत पहिल्यांदा चव लागत होती. आईनं त्यात शेंगदाणे घातले होते हेही पहिल्यांदाच कळलं.

वस्तीच्या रस्त्यानं अनुजा आली. हातात बादली, बादलीत फडकं. आमच्या दारापुढे उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी पुसतो."

"पूस की."

तिनं फडकं पिळलं आणि आकड्यावर ठेवलं, पण हात फिरवला नाही.

"श्रुते, हे मीच लिवलंय."

"माहीत आहे."

"कवापासनं?"

"पहिल्या दिवसापासून. पाचवीपासून तुझ्या पाचाचं शेपूट बघतोय की मी. भूमितीच्या बाई दर वेळी लाल गोल काढतात त्याला."

ती वळली. डोळे भरलेले, पण तोंडावर तिचा तो नेहमीचा भांडायला निघाल्याचा आविर्भाव. "मग सभेत बोलली न्हाईस? एवढं सगळं बोललीस की. माझं नाव का न्हाय घेतलंस?"

मी ताटली खाली ठेवली आणि फडक्याचं दुसरं टोक धरलं.

"तुझं मत होतं ते," मी म्हणाले. "गुप्त ठेवलं."

आम्ही दोघींनी मिळून दार पुसलं. खडू लगेच गेला. उन्हात निळा रंग ओला होऊन चकाकत होता, आणि अनुजा म्हणाली, आख्खं दारच धुऊन टाकू, अर्धं बरं दिसत नाही. म्हणून मग आम्ही आख्खं धुतलं.